पॅनलवरचा डबा

नाशिकहून वणीला निघालं की वाटेत कादवे लागतं. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर तिथल्यांशिवाय कुणी म्हणत नाही. पण कादव्याला एका गोष्टीचा तोरा फार. साऱ्या मुलखाला वीज देणारी कंपनी वेगळी, आणि कादव्याला वीज देणारी त्याची स्वतःची नगरपालिका. आज्या-पणज्यांच्या काळात गावाने इंजिन बसवलं. पुढे इंजिन भंगारात गेलं, बाहेरून घाऊक वीज घेऊन गावात वाटायचं काम तेवढं उरलं. तरी तारा पालिकेच्या, खांब पालिकेचे, बिलावरचा शिक्काही पालिकेचा. 'आपली स्वतःची वीज' हे शब्द ज्यात आले नाहीत असं एक भाषण कादव्यात झालं नसेल. स्वतःची म्हणजे तिच्याकडे बघायला दुसरं कुणीच नाही, हे मात्र कुणी बोलत नसे.

जयराम या वीजघरात एकतीस वर्षं होता. वीजघर म्हणजे नदीकाठची एक दगडी खोली, आत लांबलचक लोखंडी पॅनल आणि त्यावर चार हँडलं: बाजार, गावठाण, नदीकाठ, पाणीपुरवठा. हँडल वर केलं की त्या भागात वीज, खाली केलं की वीज बंद. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? मोठं हे, की हँडल खाली असतं तेव्हा त्या तारेवर कुणाचा तरी लेक चढलेला असतो. तो खाली उतरेपर्यंत त्याचा जीव पॅनलपाशी बसलेल्या माणसाच्या हाती असतो. जयरामला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तो पॅनलला असला की वायरमन निर्धास्त असत, आणि याचा त्याला अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोला.

यासाठी सगळ्या जगात एक रीत आहे, परमिट बुक. लाईनवर जाणाऱ्याने त्यात लिहून सही करायची, पॅनलवाल्याने सही करायची, आणि तोच माणूस परत येऊन दुसरी सही करेपर्यंत हँडलला हात लावायचा नाही. कादव्यातली परमिट बुकं चार वर्षांपूर्वी संपली. नवी छापायला नगरपालिकेच्या सभेची मंजुरी हवी. विषय तीनदा सभेपुढे गेला आणि तीनदा पुढे ढकलला गेला. एकदा दर जास्त वाटला, एकदा छापखाना कुणाच्या मेहुण्याचा घ्यायचा यावर वाजलं, आणि एकदा तर म्हणे चहा आला म्हणून सभाच उठली. हँडलांची कुलपं तर त्याआधीच गंजून गेली होती.

मग माणसांनी आपली रीत काढली. लाईनवर जायचं तर आपला जेवणाचा डबा पॅनलवर, त्या त्या हँडलच्या खाली ठेवायचा. परत आलं की उचलायचा. डबा आहे तोवर ते हँडल वर जाणार नाही. ही युक्ती पुंजाची. पुंजा जयरामच्या वयाचा, बोलायला तिखट. तो म्हणायचा, माणूस सही विसरेल, पण डबा विसरणार नाही. चार वर्षं हे चाललं आणि कुणाला साधा झटका बसला नाही. वीज समितीचे नगरसेवक एकदा पाहणीला आले, ते डबे पाहून हसले, पुंजाची पाठ थोपटली, डब्यांसोबत फोटो काढला. बिनखर्ची व्यवस्था म्हणून अहवालात तिचं कौतुकही लिहिलं गेलं.

नवनाथ त्यांच्यातला सगळ्यात नवा, ठेक्यावरचा. तिशीही गाठली नव्हती. काम मात्र असं की पुंजासारखा खडूस माणूसही नावं ठेवायला जागा शोधत बसे. नवनाथ देवीचा भक्त. नवरात्रात नऊ दिवस उपास, आणि मग पायी वणीचा गड. त्या नवरात्रातले पहिले चार दिवस त्याला गडाच्या वाटेवरचे दिवे बसवायचं काम होतं. पाचव्या दिवशी सकाळी अकराला तो बाजारच्या लाईनवर एक जळका जोड बदलायला निघाला. जयरामने बाजारचं हँडल खाली केलं. नवनाथ दारातून परत वळला आणि म्हणाला, "काका, आज डबा नाय बरं का, उपास हाय. मी लाईनवर हाय, ध्यानात ठेवा."

"जा रे, ठेवतो," जयराम म्हणाला.

ठेवतो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडचे, आणि ते ऐकायला त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

साडेबाराला बाहेरून येणारी मुख्य लाईनच गेली. सारं कादवे बंद. अशा वेळी चारही हँडलं खाली घ्यायची आणि वीज परत आली की एकेक वर करायची, हा नियम. बाजार आणि नदीकाठ आधीच खाली होती, उरलेली दोन जयरामने घेतली; आता चारही सारखीच दिसत होती. फोन सुरू झाले. त्या दिवशी पालिकेची सभा होती, सभागृहात ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, पंखे बंद, माईक बंद. संतोषसाहेब, म्हणजे पालिकेचे विद्युत अभियंता, दर दोन मिनिटांनी विचारत होते. वीज आली तेव्हा त्यांचा फोन कानाला होता. अध्यक्ष तापलेत, सगळी हँडलं उचला, पटापट उचला, असं ते म्हणाले. जयरामने फोन खांद्याने दाबून धरला आणि उचलायला लागला. गावठाण उचललं. पाणीपुरवठा उचललं. नदीकाठच्या खाली पुंजाचा डबा होता, ते तसंच ठेवलं. बाजारच्या खाली पाहिलं.

डबा नव्हता. चार वर्षं त्याच्या डोळ्यांना एकच गोष्ट पाहायची सवय लागली होती, आणि ती तिथे नव्हती. त्याने हँडल वर केलं.

पीठगिरणीमागच्या खांबावरून नवनाथला खाली घेतलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. नाशिकला न्यायचं म्हणून गाडी निघाली, ती नदीच्या पुलावरूनच माघारी फिरली. जयरामला हे पुंजाने येऊन सांगितलं. आधी त्याने नदीकाठखालचा आपला डबा उचलला, मग बाजारच्या हँडलकडे पाहिलं, आणि मग सांगितलं.

तिसऱ्या दिवशी संतोषसाहेब जयरामच्या घरी आले. माणूस वाईट नाही हो, हाताखालच्यांना कधी अरे-तुरे केलेलं नाही. सोबत टाईप केलेला जबाब होता. मयत नवनाथ याने कोणतीही पूर्वसूचना न देता परस्पर लाईनवर काम सुरू केले, असं त्यात होतं. जयराम म्हणाला, साहेब, त्याने मला सांगितलं होतं. साहेबांनी हळू आवाजात समजावलं. सांगितलं होतं म्हणालात तर तुम्ही थेट आत. दोन वर्षांवर आलेलं पेन्शन गेलं. तुमच्या लेकीचं, स्नेहाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष, तिला मुलाखतीत कुणी विचारलं तर वडील कुठे म्हणून सांगेल? आणि एवढं करून नवनाथ काही परत येणार नाही. ठेक्यावरचा माणूस, त्याचं नाव कागदावर कसं आलं याने कुणाचं काय बिघडतं?

जे साहेब बोलले नाहीत ते जयरामला कळत होतं. नवनाथने सांगितलं होतं असं कागदावर आलं, की पुढचा प्रश्न येणार: मग परमिट का नाही? परमिट नाही कारण बुक नाही. बुक नाही कारण सभेने तीनदा विषय ढकलला. म्हणजे बोट थेट सभागृहाकडे. त्यापेक्षा मेलेल्या माणसाने आगाऊपणा केला, हे सगळ्यांना सोयीचं. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि हा संन्यासी तर बोलायलाही येणार नव्हता. जयरामने सही केली. भीती वाटली म्हणून केली, दुसरं काही कारण नाही. नंतर त्याने स्वतःशी पुष्कळ कारणं जुळवून पाहिली, पण एकही टिकलं नाही.

महिन्याभराने नवनाथची बायको तेजल हिचा अर्ज पालिकेत आला. बिलाच्या खिडकीवर कामाला घ्या, एवढीच मागणी. बी.ए. झालेली बाई, पदरात दीड वर्षाची मुलगी. ठेक्यावरच्या माणसाच्या घरच्यांना नोकरी द्यायचा नियम नाही, पण सभेने मनात आणलं तर खास ठराव करता येतो. अट एकच: माणूस कामावर असताना, स्वतःची चूक नसताना गेलेला हवा. म्हणजे सगळं त्या टाईप केलेल्या जबाबावर येऊन थांबलं. तो जबाब खरा धरला तर तेजलला दार बंद.

जयरामचं जेवण तुटलं. पॅनलसमोर बसलं की त्याला दारातून मागे वळलेला नवनाथ दिसे. तो पोलीस चौकीत गेला. तिथल्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, काका, प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून बंद झालंय, तुमच्याच सहीने. आता जबाब फिरवायचा तर पालिकेचं पत्र आणा. पालिकेचं पत्र कुणाकडे मागायचं, तर संतोषसाहेबांकडे. साहेबांनी दाराकडे पाहिलं, दार लावलं, आणि हात जोडले. मलाही लेकरं आहेत काका, असं म्हणाले. जयरामला त्यांचा रागही येईना.

म्हणून तो सभेला गेला. कर्मचाऱ्याला सभेत बोलता येत नाही, मागे बाकावर बसता येतं. तेजल आधीच तिथे होती, मुलीला मांडीवर घेऊन. नगराध्यक्ष शेखरभाऊंनी चौकशी अहवालाचा विषय पुकारला तेव्हा जयराम उभा राहिला. खाली बसा म्हणून दोघं-तिघं ओरडले. एकट्या लंकाबाई, भाजीबाजाराच्या वॉर्डातल्या नगरसेविका, म्हणाल्या, माणूस एकतीस वर्षं तुमची वीज सांभाळतोय, दोन मिनिटं ऐका की. शेखरभाऊंनी हसून परवानगी दिली.

जयरामने सांगितलं. उपास सांगितला, डबा सांगितला, 'ध्यानात ठेवा' सांगितलं. "त्याने मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी विसरलो. चूक माझी आहे. जबाबातलं खोटं आहे, तो फाडा आणि मला आत टाका. पण त्याचं नाव सोडवा."

जयरामला वाटलं, झालं. आता कुणीतरी लिहून घेईल, कुणीतरी पोलिसांना बोलावेल. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

शेखरभाऊ जागेवरून उठले, खाली आले, आणि त्यांनी जयरामच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरोखरची माया होती. काकांच्या मनाला लागलंय, ते म्हणाले. हाताखालचा पोरगा गेला की असं होतंच, माणूस दोष स्वतःवर ओढून घेतो. अशी जुनी माणसं आता राहिली नाहीत. मग त्यांनी संतोषसाहेबांना मूळ जबाब वाचायला लावला. साहेबांनी मान खाली घालून वाचला. सही कुणाची? जयरामची. त्या दिवशी शुद्धीवर होता ना? होता. कुणी दमदाटी केली होती? जयरामने संतोषसाहेबांकडे पाहिलं, मग मुंडी हलवली, नाही. आणि खरंच केली नव्हती हो, तेच तर दुखणं होतं.

लंकाबाई हटल्या नाहीत. आत्ता जे बोलले ते इतिवृत्तात लिहा, म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला. लेखी जबाबापुढे तोंडी बोलण्याला किंमत नाही, असा अध्यक्षांनी निर्णय दिला. तरी बाईंचा मान म्हणून एक ओळ लिहायला सांगितली. सभालेखनिकाने ती मोठ्याने वाचली: कर्मचारी श्री. जयराम यांनी भावपूर्ण शब्दांत शोक व्यक्त केला.

पुढचं सगळं दहा मिनिटांत उरकलं. अहवाल मंजूर. तेजलचा अर्ज दफ्तरी दाखल. म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? कागद फायलीत आणि फाईल कपाटात. मग सुरक्षेचा विषय आला, कारण काहीतरी केलं असं दिसायला हवं. वीजघरात पॅनलवर जेवणाचे डबे ठेवण्याची अशास्त्रीय पद्धत तात्काळ बंद करावी, ठेवणाऱ्यावर कारवाई करावी, असा ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. परमिट बुकांचं काय, असं लंकाबाईंनी विचारलं. कागदाचे भाव वाढल्याने अंदाजपत्रक नव्याने करावं लागेल, तो विषय पुढच्या सभेत घेऊ, असं उत्तर आलं. बैल गेला, आणि या लोकांनी झोपा बांधायच्या ऐवजी होतं ते दावंही सोडून टाकलं.

पालिकेच्या पायऱ्यांवर तेजल थांबली होती. मुलगी खांद्यावर झोपलेली. जयराम दोन पायऱ्या खाली उभा राहिला, तिच्या बरोबरीने उभं राहायची हिंमत त्याला होईना. ती रडत नव्हती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"त्या दिवशी मी म्हटलं होतं त्यांना," तेजल म्हणाली, "उपाशी पोटी खांबावर नका चढू म्हणून. डबा नाय, कुणाला कळायचं तुम्ही वर हाय ते. तर हसले. म्हणले, आज पॅनलला जयरामकाका हायेत. त्यांना सांगितलं की झालं."

तिने झोपलेल्या मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तुम्ही आज बोललात ते मी ऐकलं," ती म्हणाली. "त्या कागदावर सही करताना का नाय बोललात, काका?"

तिने मुलीचं डोकं सावरलं आणि पायऱ्या उतरून स्टँडच्या बाजूला गेली. तिचं माहेर मनमाडकडचं, त्या महिन्यातच ती तिकडे निघून गेली असं पुढे कानावर आलं.

जयरामला काहीच शिक्षा झाली नाही. नोटीस नाही, बदली नाही, एक दिवसाचा पगारही कापला नाही. उलट ज्या माणसाने भर सभेत चूक कबूल केली तो सच्चा, म्हणून लोक त्याला रस्त्यात नमस्कार करू लागले. त्याने नोकरी सोडायचा अर्ज दिला, तो संतोषसाहेबांनी परत केला. पॅनलला दुसरा माणूस नाही, नवी भरती सभेपुढे आहे, तोवर तुम्हीच बसा म्हणाले. आणि जयराम बसला. कुणी ना कुणी बसायलाच हवं होतं.

पॅनलवर, डबे ठेवायच्या जागी, ठरावाचा छापील कागद चिकटवला होता. तो छापायला मात्र सभेची मंजुरी लागली नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी पुंजाला बाजारच्या लाईनवर जायचं होतं. त्याने डबा हातात घेतला, कागदाकडे पाहिलं, कागदाच्या नावाने एक कचकचीत शिवी हासडली आणि डबा खुंटीला टांगला. मग दारात जाऊन वळला. पुंजासारखा पुंजा, पण त्या दिवशी त्याच्या आवाजात तिखटपणा नव्हता.

"जयरामा, मी बाजारला चाललो. ध्यानात ठेव बाबा."

जयरामने हँडल खाली केलं. खुर्ची ओढून तो हँडलच्या पुढ्यात, पॅनलकडे पाठ करून बसला, म्हणजे चुकून कुणाचा हात जायला नको. पाटीवर लिहिलं असतं, पण आता त्याचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. डोळ्यांनीच घात केला होता. म्हणून त्याने तोंडाने म्हणायला सुरुवात केली. लाईनवर आहे, लाईनवर आहे. आधी मनात, मग ओठांनी, मग नुसतं मोठ्याने. फोन वाजला, उचलला नाही. परत वाजला, उचलला नाही. तहान लागली, पण पाण्याच्या नादात विसरलो तर, म्हणून उठला नाही. बाहेर पंपावर पाणी भरायला आलेल्या बायका खिडकीतून बघून गेल्या. त्याचं चालूच होतं.

दीडच्या सुमाराला पुंजा परत आला. हातमोजे काढत तो दारात थबकला आणि ऐकत उभा राहिला. जयरामचे डोळे मिटलेले होते. घसा बसला होता, तरी एकेक अक्षर नीट उमटत होतं.

"नवनाथ लाईनवर आहे. नवनाथ लाईनवर आहे."

पुंजाने पुढे होऊन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जयरामा," तो म्हणाला, "लाईनवर मी होतो."